तापीमावशीला दिलेली खुर्ची

“तापीमावशींना एक पापड लाटायला किती वेळ लागतो, तुला काही कल्पना?” ह्यांनी मला ओट्यापाशी गाठून विचारलं. गळ्यात दोरी अडकवलेलं स्टॉपवॉच, हातात पेन्सिल.

“सुकायला लागतो त्याहून कमी,” मी म्हटलं.

“चेष्टा नको करूस. रत्नाचे तीन होतात तेव्हा त्यांचा एक होतो. तोही कडेला जाड.”

“हळू बोला. बाहेरच बसल्यात त्या.”

“हळूच बोलतोय. पण कधीतरी बोलावं लागणार ना?”

मी हिंगाचा खडा फोडत होते, तो फोडत राहिले. बाहेरच्या खोलीत दोन पोळपाट चालू होते. त्यातल्या एकाचा आवाज सरसर येत होता आणि दुसऱ्याचा थांबून थांबून, जुन्या विहिरीच्या रहाटासारखा. तो तापीमावशीचा.

आम्ही मूळचे खानदेशातले, पण ह्यांच्या नोकरीपायी नाशकात सिडकोच्या घरात येऊन राहिलेले. पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीपुढे कपडे वाळत घालण्याइतकं अंगण. महाशिवरात्र झाली की पुढची खोली आमची राहायची नाही, उडदाच्या पापडांची व्हायची. सोफा उभा करून भिंतीला टेकवायचा, टीव्हीवर चादर टाकायची. मुलगी शाळेत असताना हौस म्हणून मी हे सुरू केलं होतं. पहिल्या वर्षी कुणी यायला तयार नव्हतं, तेव्हा मागच्या गल्लीतली तापीमावशी आपलं लाटणं पदराखाली घेऊन आली होती. मग ती दर वर्षी येतच राहिली. रत्ना नंतर आली. तिसरी मी.

ह्यांची कंपनी इलेक्ट्रिकची बटणं-खटके बनवायची. ते जोडायच्या लाइनचे हे इन्चार्ज. संक्रांत होऊन गेली आणि एका दुपारी हे डब्यासकट घरी आले. मी विचारलं, बरं नाही का? म्हणाले, “लाइन बंद झाली.” निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलं होतं. युनियनच्या माणसांनी गेटवर ठाण मांडून काहीतरी पदरात पाडून घेतलं. हे स्टाफमध्ये, त्यांना युनियन नाही. स्टाफमध्ये घेतलं त्या दिवशी आम्ही गल्लीभर पेढे वाटले होते.

कोणी सांगितलं, कसं सांगितलं, ह्यांनी एक अक्षर काढलं नाही, आणि मीही विचारलं नाही. गल्लीत मी “लवकर मोकळे झाले” म्हणायची. मुलगी फोनवर “बाबांना ब्रेक मिळाला” म्हणायची. हे काहीच म्हणायचे नाहीत. मागच्या खोलीत पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडायचे. झोप लागलेली नसायची, पाठीवरून कळतं ते. मी आपली उगीच आत जायची, कपाट उघडायची, बंद करायची. ते म्हणायचे, “काही हवंय का?” मी म्हणायची, “नाही.” असा आमचा संसार चालला होता.

मग पापड सुरू झाले आणि एके दिवशी हे पाणी प्यायला उठले ते परातीपाशी थबकले. कुटलेल्या पिठाची लांब वळी करून मी दोऱ्याने लाट्या कापत होते. ह्यांनी दोन लाट्या उचलल्या, दोन तळहातांवर ठेवल्या आणि म्हणाले, “ह्या सारख्या नाहीत.”

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी स्वतःहून काही बघितलं होतं. मला इतकं हायसं वाटलं की मी म्हणून बसले, “मग तुम्हीच जरा लक्ष घाला ना आमच्यात.”

पिंजरा असा मी माझ्या हाताने विणला. दार लावून घेतल्यावर कळलं, मी आतल्या बाजूला आहे.

दुसऱ्या दिवशी हे दाढी करून आले. फरशीवर खडूने चौकोन आखले, कुणी कुठे बसायचं ते ठरवून. लाट्या कापायला खाचा पाडलेली पट्टी केली, ती खरंच झकास होती. खिडकीच्या जुन्या जाळ्यांची मांडणी करून पापड सुकवायची सोय केली, त्याने तुटायचं प्रमाण निम्म्यावर आलं. भिंतीवर पाटी लागली, ‘आजचं उद्दिष्ट’. आणि लाटीवर बंदी आली.

पापड लाटणारी बाई मधेमधे एखादी लाटी तेलात बुडवून तोंडात टाकते, ही जगाची रीत आहे. लाटीच्या ओढीने तर बायका एकमेकींकडे लाटायला जातात. ह्यांनी ते ‘वेस्टेज’मध्ये धरलं. चव बघायला म्हणून रोज एकीला एक, एवढी मुभा.

“काकू,” रत्ना मला म्हणाली, “काका उद्या आपल्याला संडासला जायचा पास देतील.”

“दिला तर जपून ठेव,” मावशी म्हणाली. “माझ्या घरी तेवढासुद्धा मिळत नाही.”

तिचं घर म्हणजे दीड खोली. पुढच्या खोलीत सुनेने ब्यूटी पार्लर काढलेलं. म्हाताऱ्या बाईला बघून गिऱ्हाईक बिचकतं म्हणून सुनेने सांगून ठेवलं होतं, दिवस मावळेपर्यंत घरात दिसू नका. पापड नसायचे तेव्हा मावशी दिवसभर मारुतीच्या देवळात बसायची. “देव बरा आहे,” म्हणायची, “पण लाटी देत नाही.”

आधी ती ह्यांना ‘भाऊ’ म्हणायची. भिंतीवर पाटी लागल्यापासून ‘साहेब’ म्हणायला लागली. हे सुखावले की नाही कळलं नाही, पण चूकही दुरुस्त केली नाही.

आणि आता ह्यांनी कॉलेज रोडच्या एका दुकानदाराशी बोलणी करून आणली होती. बारा महिन्यांची मागणी, हंगामापुरती नाही. पण माल रोज एवढा म्हणजे एवढा पाहिजे. ते घरी येऊन सांगताना ह्यांचा चेहरा मला आठवतो. बोहल्यावर चढताना सुद्धा इतका उजळला नव्हता.

अडचण जागेची होती. पुढच्या खोलीत तीनच पोळपाट बसत. चौथा ठेवून बघितला, दार उघडेना.

“रत्नाची नणंद आहे,” हे ओट्याला टेकून म्हणाले. “मी बघितलंय तिचं काम. तिला मावशींच्या चौकोनात बसवू.”

“आणि मावशी कुठे बसतील?”

“तो आपला प्रश्न नाही.”

आमच्या घरात असं वाक्य आजवर कुणी बोललं नव्हतं. हे शेजारच्यांच्या मांजराला सुद्धा दूध घालणारे गृहस्थ. मी वळून बघितलं. ते पेन्सिलीचं टोक बघत होते.

“तिचा हात कापतो, खरंय,” मी म्हटलं. “पण ती कुठे जाईल हो दिवसभर?”

“हे बघ, भावनेवर काम चालत नाही. तुला सांगायला जमणार नाही. मी बोलतो. मी अशी माणसं हाताळलीत.”

आकडे त्यांच्या बाजूने होते. मावशी मागे पडत होती, मलाच तिचे जाड पापड गुपचूप पुन्हा लाटावे लागत. पगार थांबल्यापासून पापड ही हौस राहिली नव्हती, तेही खरं. पण मावशी राहील म्हणावं, तर ह्यांना बाजूला सारावं लागणार, आणि मग ते कुठे जातील तेही मला माहीत होतं, भिंतीकडे. ह्यांना राहू द्यावं, तर मावशी देवळात. दोघांपैकी एकाला काढायचं, आणि कंपनी कोण? मी.

“होळी होऊ द्या,” मी म्हटलं. “सणाच्या तोंडावर नको.”

“बरोबर,” हे म्हणाले. “सणाआधी सांगायचं नसतं. सण झाल्यावर सांगायचं.”

होळी झाली. पुरणपोळ्या झाल्या. चार मावशीसाठी बांधून ठेवल्या तेव्हा हे म्हणाले, “अजून एक घाल ना त्यांना.” मी काय समजायचं ते समजले.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मावशी आली ती कानामागे हिरवा रंग घेऊनच. नातवाने लावला म्हणाली, आणि तो पुसला जाऊ नये म्हणून आंघोळ बेताने केली म्हणाली. रत्ना हसली. तिघी बसलो. मी पहिला पापड लाटते न लाटते तोच हे मागच्या खोलीतून आले. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. घरात बूट.

ते स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळाने आवाज आला, “अगं, साखर कुठे असते?”

लग्नाला इतकी वर्षं होऊन ह्यांनी कधी चहा केला नव्हता. मी उठायला लागले तर म्हणाले, “तू बस. मी करतो.” चहा उतू गेल्याचा वास आला. मग कपाटातले पाहुण्यांचे कप निघाल्याचा आवाज. मग ते दारात येऊन उभे राहिले.

“मावशी, जरा आत येता का? दोन मिनिटं बोलायचंय.”

रत्नाचं लाटणं थांबलं. मावशीने हात पदराला पुसले आणि भिंत धरून उठली. मी तिच्या मागोमाग गेले, पण दारापाशीच थांबले. आत जायचं धाडस झालं नाही, परत यायचंही झालं नाही.

मागच्या खोलीत पलंगापुढे दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या होत्या. मधे मुलीचं अभ्यासाचं टेबल, त्यावर कपबश्या आणि एका वेगळ्या बशीत बिस्किटं. क्रीमची. घरात नव्हती, विकत आणलेली होती.

“बसा मावशी.”

“खाली बसते मी.”

“नाही नाही, खुर्चीवर बसा.”

आमच्याकडे इतकी वर्षं येऊन मावशी खुर्चीवर कधी बसली नव्हती. आता बसली तर तिचे पाय जमिनीला पोचेनात. ती पाय हलू नयेत म्हणून एकावर एक ठेवून बसली, आणि फोटोला बसल्यासारखी समोर बघायला लागली.

“घरी सगळे बरे?” ह्यांनी विचारलं.

“मी दिसत नाही तोवर बरे असतात.”

“बिस्किट घ्या.”

“कशाला साहेब.”

“घ्या, घ्या. संकोच नको.”

तिने एक घेतलं. पुढच्या दातांनी चावता येत नव्हतं, म्हणून चहात बुडवलं.

हे पुढे झुकून बसले, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून. “मावशी, तुम्ही इतकी वर्षं जे काम केलंत, त्याची आम्हाला पूर्ण जाणीव आहे. तुम्हाला आम्ही कधी कामाचं माणूस समजलो नाही. कुटुंबातलंच समजलो.”

मावशीने मान हलवली. हे तिला पटलेलं दिसलं.

“पण परिस्थिती बदलते. काही निर्णय वरून येतात. त्यात तुमच्या कामाबद्दल तक्रार आहे असं अजिबात नाही. हे तुम्ही मनाला लावून घेऊ नका. उलट ह्याच्याकडे एक संधी म्हणून बघा. स्वतःला वेळ द्या. तब्येतीला जपा.”

मावशीने वर बघितलं. वर आमचा पंखा होता.

“आजच्या पूर्ण दिवसाची मजुरी तुम्हाला मिळेल. आता परत कामाच्या जागेवर जायची गरज नाही. तुमची पिशवी, चष्मा, जे काही असेल ते इथे आणून देण्यात येईल.”

मावशीची पिशवी दाराच्या खुंटीला, माझ्या खांद्याजवळ लटकत होती. ती कोण आणून देणार होतं? आणि पापडवाल्या बाईच्या घरात ही असली भाषा कोण बोलतं?

आणि मग मला ती दुपार दिसली. हे आले तेव्हा ह्यांचा डबा एका कागदी पिशवीत होता आणि पिशवीच्या तोंडाला कुणीतरी नीट स्टेपल मारलेलं होतं. चष्म्याचं घर, पंचा, हे स्टॉपवॉच, सगळं त्यातच. मी डबा धुवायला काढला तर पोळीभाजी जशीच्या तशी. तेव्हा मला वाटलं होतं, भूक नसेल. कुणीतरी ह्यांना असंच खुर्चीवर बसवून, असंच पुढे झुकून, हीच वाक्यं ऐकवली होती. शब्द न् शब्द ह्यांना पाठ झाला होता. रोज भिंतीकडे तोंड करून हे तेच ऐकत होते.

मावशीने कप खाली ठेवला.

“साहेब, म्हणजे मला काढलं का?”

आमच्या घरात दीड महिना सगळे ज्या शब्दाला वळसा घालून जात होते, तो तिने पाट सरकवावा तसा पुढे सरकवला.

“तसं नाही मावशी...”

“तसं नाही तर कसं? उद्या यायचं का नाही यायचं?”

ह्यांनी बशी थोडी तिच्याकडे सरकवली. परत आपल्याकडे घेतली. बोटं बशीच्या काठावर तशीच राहिली. मला वाटलं, आता पुढचं वाक्य येईल, पाठ असलेलं. पण ते आलं नाही.

“मलाही काढलं,” हे म्हणाले.

मला नाही, मुलीला नाही. मावशीला सांगितलं.

“तुम्हाला?” मावशी म्हणाली. “कशापायी? काय चुकलं?”

“काही नाही.”

“असं खुर्चीवर बसवून?”

“हो.”

“चहा पाजून?”

“हो. बिस्किटं पण होती.”

“खाल्ली का तुम्ही?”

ह्यांनी बशीतली बिस्किटं सारखी केली. “एक खाल्लं,” म्हणाले, आणि तिथे त्यांचा आवाज फाटला. “माझ्यापेक्षा लहान पोरगा होता समोर. घ्या, घ्या म्हणाला. मी खाल्लं.”

नोकरी गेली ह्याचं जेवढं नव्हतं तेवढं त्या एका बिस्किटाचं होतं. ते ह्या माणसाच्या घशात अजून अडकलेलं होतं.

मावशीने तोंडावरून पदर फिरवला. “मीपण आत्ता खाल्लंच की,” ती म्हणाली. मग दाराकडे वळली. “प्रमिलाताई, दाराआडून काय ऐकतेस? ह्यांचं राहू दे. धंदा तुझा. तू सांग, उद्या येऊ का नको?”

हे माझ्याकडे बघत होते. मावशी बघत होती. मागे रत्ना लाटणं हातात धरून उठून आलेली मला जाणवत होती. दोन्हीकडून भिंत जवळ यावी तसं झालं. काही गोड बोलावं, उद्याचं उद्या बघू म्हणावं, असं सगळं जिभेवर आलं. पण ते सगळं आत्ताच ह्या खोलीत बोलून झालेलं होतं.

“या,” मी म्हटलं.

एका अक्षराचा शब्द. पण त्याने मी ह्यांना मावशीच्या देखत बाजूला केलं, हे आम्हा दोघांनाही समजलं. हे उठले. पडायला पलंगाकडे वळले असावेत, पण पलंगाच्या वाटेत टेबल आणि खुर्चीवर मावशी. पुढच्या खोलीत पोळपाट. घरात तोंड लपवायला एक भिंत होती, तीही आज अडवलेली. ते माझ्या खांद्याला घासून स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात गेले. मी पुढे होणार तर मावशीने हाताने थांबवलं. “जाऊ दे त्यांना.”

रत्ना दबक्या आवाजात म्हणाली, “काकू, माझ्या नणंदेला काय सांगू? ती तर उद्यापासून यायच्या तयारीत आहे.”

तेवढ्यात अंगणातून आवाज आला. धाड. मग परत. पाट्यावर तिंबलेलं पीठ झाकून ठेवलेलं होतं, रत्ना कुटायला बसणार होती ते. ह्यांनी मुसळ उचललं होतं.

उडदाचं पीठ कुटणं एकट्याचं काम नाही. एकाने मुसळ मारायचं आणि दुसऱ्याने दोन घावांच्या मधे हात घालून पीठ उलटायचं, तेलाचं बोट फिरवायचं, हात काढून घ्यायचा. रोज ते रत्ना आणि मी करायचो, आणि त्यात आमची निम्मी सकाळ जायची. एकट्याने मारत सुटलं तर पीठ मुसळाला चिकटून वर येतं आणि पाटा नाचतो. ह्यांचा पाटा नाचत होता. कशाला मारत होते देव जाणे, पिठाला तर नक्कीच नाही.

“काकू, पाटा फुटेल,” रत्ना म्हणाली.

मावशीने आधी चहा संपवला. कपाच्या बशीत ओतून, शेवटच्या घोटापर्यंत. उरलेली बिस्किटं नातवाला म्हणून पदरात बांधली. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन घसरत खाली उतरली आणि गुडघे धरत अंगणाकडे गेली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिले, दिसणार नाही अशी.

“भाऊ, असं नाही,” ती म्हणाली. “चिरा पडतील त्याला. सरका.”

हे घामाने भिजले होते. इस्त्रीच्या शर्टावर पीठ, बुटांवर पीठ. “तुम्ही जा मावशी. मी करतो.”

“एकट्याने होत नाही हे.” ती पाट्यासमोर बसली. तेलाची वाटी जवळ ओढली. “तुम्ही नुसतं मारा. उलटते मी.”

“तुमचा हात कापतो. चेंगरेल.”

“चेंगरेल. म्हणून तर तुम्ही थांबायचं, मी म्हणेपर्यंत.”

त्यांनी मुसळ खाली ठेवलं. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी वाकून बूट काढले, मोजे काढले, भिंतीशी ठेवले आणि मुसळ परत उचललं.

मी पुढच्या खोलीत आले. रत्ना माझ्या तोंडाकडे बघत होती. मावशीच्या चौकोनात तिचा पोळपाट रिकामा पडलेला होता.

“नणंदेला ये म्हणावं,” मी म्हटलं. “जागा झालीये.”

आम्ही लाटायला बसलो. अंगणातून ह्यांचा आवाज आला, “झालं?” मावशीचा आला, “हं.” मग घाव बसला. परत “झालं?” परत “हं.” परत घाव. मावशीचा हात सावकाश जायचा, कापत जायचा, पीठ उलटायचा, तेल फिरवायचा, कापत बाहेर यायचा, आणि तेवढा वेळ हे मुसळ वर धरून उभे असणार, हे न बघता मला दिसत होतं. उठून बघावं असं फार वाटलं. पण मी उठले नाही. माझी चाहूल लागली असती तर ते थांबले असते.

कधीकधी “झालं?” नंतर काहीच यायचं नाही. मग रत्नाचं लाटणं थांबायचं, माझंही थांबायचं, आणि आम्ही दोघी पोळपाटावर हात ठेवून बसायचो.

“हं,” मावशी म्हणायची.

आणि मग घाव बसायचा.